तळं बघून या

सूचना संपल्या होत्या. त्याने खुर्ची आत सरकवली, दाराच्या मुठीवर हात ठेवला, आणि तेवढ्यात मागून सुरक्षा अधिकारी म्हणाला, "तळं बघून या. पण या हं परत."

तो हसला. "हो, येतो ना," म्हणाला, दार ओढून घेतलं, आणि व्हरांड्यात थोडं पुढे गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण हसायला नको होतं. किंवा हसायला हवं होतं, पण उशिरा, आधी 'कुठलं तळं?' असं विचारून मग. ज्याला तळ्याचं काही माहीत नाही तो माणूस कपाळाला आठी घालतो, कुठलं तळं म्हणून विचारतो. त्याने विचारलं नव्हतं. म्हणजे त्या खोलीत आता त्याचं ते न विचारणं टेबलावर तसंच पडून होतं, आणि अधिकाऱ्याने ते कधीच उचलून खिशात घातलं असणार. परत जावं, काहीतरी विसरल्यासारखं दार ढकलावं आणि सहज विचारावं, असं त्याला वाटलं. पण सहज विचारायला परत जाणारा माणूस सहज राहत नाही. जिन्यावर एक कारकून भेटला. "काय गंजवाले, झाली का शिकवणी?" म्हणाला. झाली, असं सांगून तो खाली उतरला.

प्रयोगशाळेत त्याला गंजवाले म्हणत, कारण त्याची सगळी नोकरी गंज बघण्यात गेली होती. धरणांची दारं, पाण्याचे मोठे नळ, कारखान्यांतल्या टाक्या. यांच्या लोखंडाच्या पट्ट्या कापून मिठाच्या फवाऱ्यात ठेवायच्या, काढून धुवायच्या, वजन करायचं, भिंगाखाली धरायचं. सरळ पसरणाऱ्या लाल गंजाची त्याला कधी भीती वाटली नाही. तो दिसतो, खरवडता येतो. भीती असते ती टाचणीच्या टोकाएवढ्या काळ्या ठिपक्याची. वरून ठिपका, आणि कापून बघावं तर आत गुहा. अशा ठिपक्यांवर त्याने जे काम केलं होतं त्यासाठी परदेशातल्या परिषदेचं बोलावणं आलं होतं, आणि सरकारी माणूस असल्यामुळे बोलावण्यापेक्षा परवानगी मोठी होती. त्याचा अर्ज एका टेबलावरून दुसऱ्यावर, खालून वर आणि वरून पुन्हा खाली असा फिरत राहिला. घरची चौकशी होईल, असं मध्येच कोणीतरी सांगितलं. मग ती झाली की नाही हेही कळलं नाही. शेवटी मंजुरी आली आणि तिच्याबरोबर सुरक्षा अधिकाऱ्याकडे जाऊन सूचना ऐकण्याचा आदेश.

या अधिकाऱ्याला सगळे 'सावधान' म्हणत. गोल चेहऱ्याचा, बुटका माणूस. बोलताना संत्रं सोलत होता आणि सालीचा एकही तुकडा तुटू देत नव्हता. रोजचा संगणक न्यायचा नाही, कोरा न्यायचा, म्हणाला. खोलीत ठेवून बाहेर पडायचं नाही. कोणी भेट म्हणून काही दिलं तर घ्यायचं, आभार मानायचे आणि आल्यावर इथे आणून द्यायचं. टॅक्सीत कामाचं बोलायचं नाही. गर्दी, मोर्चा दिसला की रस्ता बदलायचा. वकिलातीत पोचल्याचं कळवायचं. आणि कारणाशिवाय फार गोड वागणारा माणूस भेटला तर नाव ध्यानात ठेवायचं. "कारणाशिवाय कोणी गोड नसतं," असं म्हणून त्याने अर्धं संत्रं पुढे केलं होतं, आणि ते घ्यावं की ही परीक्षाच आहे असा विचार करण्यात गंजवाल्यांचा क्षणभर गेला होता. दोघेही हसले होते. सगळं ठीक चाललं होतं. तळं येईपर्यंत.

बसमध्ये खिडकीशी बसून त्याने पुन्हा जुळवून बघितलं. परिषद ज्या शहरात होती तिथे तळं नव्हतं. नदी होती, बंदर होतं. तळं होतं ते तिथून आगगाडीने तासाभरावरच्या गावात, आणि त्या गावात जी गंज-संशोधन संस्था होती तिच्या संचालकबाई आदल्या वर्षी इथे येऊन गेल्या होत्या. मागच्या आवारात उन्हापावसात मांडून ठेवलेल्या पट्ट्यांच्या रांगांमधून त्या काठी टेकत चालत होत्या, तो बरोबर होता, बाकीचे सावलीत थांबले होते. आमच्याकडे एक जागा रिकामी होते आहे, बाई म्हणाल्या होत्या, मला तुम्ही हवे आहात. संस्थेमागे एक छोटं घर मिळतं. खिडकीतून तळं दिसतं. एवढंच. त्यानेच मग घाईने सांगितलं होतं की पत्र नको, मेल नको, मी आलो की बोलू. बाईंनी मान हलवली होती, आणि दोघं पुन्हा सावलीतल्या लोकांत येऊन मिसळले होते. तळं कागदावर कुठेच नव्हतं. ते बाईंच्या तोंडून निघून त्याच्या कानात आलं होतं आणि तिथून कुठे गेलं नव्हतं. बायकोलाही त्याने सांगितलं नव्हतं; तिला सांगितलं तर प्रश्न सुरू होतात, आणि प्रश्न सुरू झाले की आपल्याला काय हवं आहे ते ठरवावं लागतं. आईला सांगितलं होतं. पण आईला धरायचं नाही.

आईला विसर पडायला लागून दोन-तीन वर्षं झाली होती. आंघोळ झाली की नाही, गॅस बंद आहे ना, चष्मा कुठे. चष्मा नाकावर असायचा. सुनेला कधी स्वतःच्या बहिणीच्या नावाने हाक मारायची. संध्याकाळी तो कामावरून आला की दिवसभर आईला सांभाळणारी बाई निघून जाई, आणि बायको यायच्या आधी तासभर तो आणि आई दोघंच असत. तो तिच्या पायांना तेल लावायचा, आणि एके दिवशी, केव्हा ते आठवत नाही, त्याने तिला तळ्याचं सांगितलं. ती "हो का?" म्हणाली. दुसऱ्या दिवशी त्याने पहिल्यापासून पुन्हा सांगितलं आणि ती पुन्हा "हो का?" म्हणाली, तशीच, नवं ऐकल्यासारखी. मग त्याला चटकच लागली. लहानपणी विहिरीत तोंड घालून ओरडावं तसं ते होतं. फक्त विहीर आवाज परत तरी देते. पट्ट्या भिंगाखाली धरताना दिवसभर डोक्यात जे साचे ते तो संध्याकाळी आईच्या पायांशी बसून मोकळं करी. इथे साहेबाच्या सहीशिवाय ब्रशही मिळत नाही, आई. तिथे माझं स्वतःचं दालन असेल. सकाळी उठून खिडकी उघडली की पाणी. कोणी हाक मारणार नाही. "हो का?" आई म्हणायची आणि दुसरा पाय पुढे करायची.

म्हणजे फोडलं ते बायकोने. हा विचार त्याला घरचा जिना चढताना आला आणि वर पोचेपर्यंत पक्का झाला. बायको मोठ्या रुग्णालयात एक्स-रे काढायचं काम करी. माणसाच्या आत काय आहे ते न कापता बघणं हा तिचा रोजचा धंदा होता. तिला कसं कळलं हा प्रश्न उरायचा, पण बायकांना कळतं. त्या रात्री जेवताना ती म्हणाली की तिकडे थंडी असेल, जाड कोट ने, आणि दोन्ही स्वेटर ने. दोन्ही का? परिषद चार दिवसांची. चार दिवसांना दोन स्वेटर लागतात की जास्त दिवसांना लागतात? तिच्या चेहऱ्याकडे त्याने बघितलं. ती वाटी पुसत होती.

"मी झोपेत बोलतो का?" त्याने विचारलं.

"बोलतोस."

"काय बोलतो?"

"कोण ऐकतंय. दिवसभर लोकांना श्वास रोखून धरा म्हणून सांगते मी. आडवं झालं की मेल्यासारखी झोपते." मग वाटी ठेवून ती म्हणाली, "का? काही बोलण्यासारखं आहे का?"

नाही, तो म्हणाला. तिने आणखी विचारलं नाही, आणि न विचारणं म्हणजे काय असतं हे त्याला आजच कळलं होतं. जायच्या दिवसापर्यंत तो तिच्यावर नजर ठेवून राहिला. ती फोनवर हळू बोलली तर दाराशी रेंगाळला. रुग्णालयात कोणकोणते अधिकारी तपासायला येतात ते त्याने आडून विचारलं. तिने त्याच्या बॅगेत औषधांची पाकिटं ठेवली, मूळ वेष्टनासकट, चिठ्ठीसकट; 'सावधान'ने अगदी हेच सांगितलं होतं, शब्द न् शब्द. तिने ते कुठून ऐकलं? ती म्हणाली, सगळेच तसं नेतात. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच, हे त्यालाही कळत होतं. पण चांदणं पडलं की सगळंच दिसायला लागतं, आणि दिसलेलं नाही म्हणता येत नाही. निघताना तो आईच्या पाया पडला. तिने त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवला, कानामागे, हनुवटीवर, एखादी वस्तू नीट बंद झाली आहे ना ते चाचपल्यासारखा. "सांभाळून राहा," म्हणाली. 'सांभाळून जा' असं म्हणाली नाही. विमानात बसल्यावर त्याला ते आठवलं, आणि आईला आता शब्दही नीट सापडत नाहीत म्हणून वाईट वाटलं.

परक्या शहरात संशयाला घर मिळालं. तिथे सगळंच अनोळखी असल्यामुळे सगळंच हेतुपुरस्सर वाटत होतं. विमानतळावर त्याच्या नावाची पाटी घेऊन उभा असलेला माणूस फार हसरा होता. हॉटेलातल्या खोलीत धूर ओळखणारा डबा छतावर होता, आणि स्नानघराबाहेर आणखी एक. दोन कशाला? त्याने बॅगेची चेन एका ठरावीक दातापर्यंत ओढून ठेवली आणि परत आल्यावर ती पुढे सरकलेली दिसली. किंवा आपण दात चुकीचा मोजला. खोली झाडणाऱ्या बाईने जाताना बोटं हलवून निरोप घेतला, आणि त्याने तिच्या छातीवरचं नाव वाचून ध्यानात ठेवलं. परिषदेत त्याने आपला निबंध वाचला. ठिपके, गुहा, आकडे. टाळ्या बऱ्या पडल्या. चहाच्या वेळी एका तरुणाने येऊन फार बारीक प्रश्न विचारले आणि त्याने उत्तरं इतकी मोघम दिली की तो पोरगा ओशाळून निघून गेला. नंतर कळलं, तो त्याच विषयावर प्रबंध लिहीत होता आणि केवळ याला भेटायला दूरवरून आला होता. पण हेही कोणीतरी सांगितलेलंच.

संचालकबाई तिसऱ्या दिवशी आल्या. काठी तीच, चाल आणखी अवघड झालेली. उद्या माझ्याबरोबर चला, म्हणाल्या, घर दाखवते. 'बघून या,' अधिकारी म्हणाला होता. म्हणजे दाखवतील हेही त्याला माहीत होतं. मग एक नवाच विचार आला, आणि तो इतका चपखल बसला की आधी का सुचला नाही याचं त्याला नवल वाटलं. बाई 'सावधान'च्या लोकांपैकीच. जागा नाही, घर नाही, काहीच नाही. परदेशी पाठवायच्या आधी माणूस किती टिकतो ते बघायला त्याच्यावर मारलेला हा मिठाचा फवारा. आपण नाही का पट्ट्या मिठात ठेवत आणि वाट बघत? रात्रभर त्याला हे खरं वाटत राहिलं. सकाळी उजेडात ते वेडेपणाचं वाटलं. पण खोटं वाटलं नाही.

तो गेला. आगगाडीत बाई आपल्या बागेबद्दल बोलत होत्या. संस्था साधी होती, विटांची. यंत्रं चांगली होती. एका पेटीपाशी तो नकळत थांबला, झाकण उचलून आतली फवाऱ्याची तोंडं बघत राहिला आणि बाई कौतुकाने त्याच्याकडे बघत राहिल्या. मग घर. दोन खोल्या, पिवळट भिंती, ओलीचा वास. खिडकी होती आणि खिडकीत तळं होतं. मनात होतं त्याच्यापेक्षा लहान, कडेला शेवाळं, मधोमध उलटी पडलेली एक होडी. पण पाणी होतं, आणि पाण्यावर दुपार इतकी शांत पसरली होती की तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. हे मला हवं आहे, असं त्याला स्पष्ट वाटलं. त्याच क्षणी बाईंनी विचारलं. आता कोणी नाही, म्हणाल्या, खरं सांगा, याल का?

'आता कोणी नाही' हे शब्द त्याला नको होते. त्याने खोलीभर नजर फिरवली. दिव्याची टोपी, टेबलाची खालची बाजू, बाईंच्या काठीची जाड मूठ. मग घसा साफ करून तो मोठ्याने, सभेत बोलावं तसं बोलला: आपल्या प्रस्तावाबद्दल मी आभारी आहे, परंतु माझ्या देशाने मला सर्व काही दिलं आहे आणि मी तिथे समाधानी आहे. वाक्य संपल्यावर रिकाम्या खोलीत ते थोडा वेळ घुमलं. बाई रागावल्या नाहीत. एखाद्याला कुठे लागलं आहे आणि तो सांगत नाही आहे, अशा नजरेने बघत होत्या. मग त्या म्हणाल्या की दुसऱ्या उमेदवाराला आज कळवावं लागेल, आणि काठी टेकत बाहेर गेल्या. स्टेशनवर त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. गाडी सुटल्यावर त्याला कळेना की आपण नको म्हणालो ते कोणाला. आपल्याला राहायचं होतं की परतायचं होतं हा प्रश्न त्याने वर्षभर जपून ठेवला होता, आणि आता तो प्रश्नच कोणीतरी त्याच्या हातून सोडवून घेतला होता, त्याला न विचारता.

परत आल्यावर 'सावधान'कडे हजेरी लावायची होती. कोण भेटलं, काय दिलं, काही वावगं? त्याने तळं वगळून सगळं सांगितलं, झाडणाऱ्या बाईच्या नावासकट. अधिकारी ऐकत होता, मध्येच जांभई दाबत होता. त्याची ती जांभई बघून गंजवाल्यांना प्रथमच वाटलं की या माणसाला कदाचित फारसं काही माहीत नसेल. त्यामुळेच विचारायचा धीर झाला. "तळ्याचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुमच्या आईंनी," अधिकारी म्हणाला. एवढ्या साध्या गोष्टीला एवढा वेळ का लावलात, असा त्याचा आवाज होता. नेहमीचा चौकशीवाला रजेवर होता म्हणून तो स्वतःच घरी गेला होता, दुपारी. आईंनी सांभाळणाऱ्या बाईला औषधं आणायला म्हणून खाली पाठवलं, अधिकाऱ्याला पाणी दिलं, समोर बसवलं आणि सांगितलं की मुलगा जाणार आहे, तळ्याकाठी त्याला घर मिळणार आहे. तीनदा सांगितलं, आणि तिन्ही वेळा बजावलं की सुनेपाशी बोलू नका. तुम्ही हे वर कळवलं नाही? गंजवाल्यांनी विचारलं. अधिकारी म्हणाला की म्हाताऱ्या माणसाच्या बोलण्याची आम्ही नोंद घेत नाही, आणि त्यांच्या वयाला तळीबिळी दिसतातच. तुम्ही निघताना आपली गंमत म्हणून बोललो. मग टेबलावरचे कागद एकसारखे करत तो थोडा थांबला. "त्यांनी मला एक विनंती केली होती," म्हणाला. "त्याला अडवू नका, म्हणाल्या."

बसने येताना त्याने काही विचार केला नाही. किंवा एकच केला, आणि तो वाईट होता: आई खरंच विसरते का? ते रोजचं 'हो का?', पुढे केलेला दुसरा पाय, चेहऱ्यावरून फिरवलेला हात, 'सांभाळून राहा'. जिच्यावर संशय घ्यायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं तिच्यावर आता तो येत होता, आणि त्याला कुठे टेकू मिळत नव्हता. घरी आला तेव्हा बायको लवकर आलेली होती. ती टेबलाशी मटार सोलत होती आणि आई पलीकडच्या खुर्चीत बसून सोललेले दाणे वाडग्यात सारखे करत होती. तो बूटही न काढता आईसमोर बसला.

"आई, दुपारी एक माणूस आला होता तुझ्याकडे. मी जायच्या आधी. त्याला तळ्याचं तू सांगितलंस?"

आई दाण्यांकडेच बघत होती. "मीटर बघायला आला होता तो?"

"मीटर नाही. चौकशीला आला होता. त्याला कशाला सांगितलंस?"

"कसलं बोलताय तुम्ही?" बायकोने विचारलं.

आईने एक किडका दाणा वेचून बाजूला ठेवला. "परक्याला सांगितलं की ते परक्याकडे राहतं," ती म्हणाली. "घरात सांगितलं की घर हलतं. तू नाही का मला सांगायचास, तसं."

तिचा आवाज नेहमीचाच होता. आठवून बोलत होती की सुचलं म्हणून, ते त्याला कळलं नाही. आणि आता कधी कळणारही नाही हे कळलं. मग त्याने बायकोला सांगितलं. आवारातल्या रांगांपासून त्या खिडकीपर्यंत, मोठ्याने म्हटलेल्या त्या वाक्यापर्यंत. तिच्यावर नजर ठेवली हेही सांगितलं, फोनचं, दाराशी रेंगाळल्याचं. सांगताना आपण मोकळे होतो आहोत असं त्याला वाटत होतं, आणि ते तिला दिसतही होतं. एक्स-रेच्या पडद्यावरून नजर न काढता बसावं तशी ती बसली होती. त्याचं संपल्यावर हातातली शेंग तिने खाली ठेवली.

"त्या घरात आम्ही होतो का?" तिने विचारलं. "आई आणि मी. मनात घर मांडलंस तेव्हा आम्हाला धरलं होतंस?"

"धरलं म्हणजे..." तो म्हणाला, आणि दोन खोल्यांत, पिवळट भिंतींपाशी, कोणी आहे का ते शोधू लागला.

"नव्हतं धरलं," आई म्हणाली. तिने मान वर केली आणि सुनेकडे नीट बघितलं. या वेळी तिला बहिणीच्या नावाने हाक मारली नाही. "रोज सांगायचा तो. एक टेबल, एक खुर्ची, एक खिडकी. मी रोज वाट बघायचे, आज तरी कोणी येईल त्यात."